वाळूवर ठेवलेली काठी

समुद्रात झावळी रोवणं बघायला सोपं काम आहे. ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, खजुराची झावळी उभी धरायची, तासलेला बुंधा चिखलात घालायचा आणि अंगाचा भार टाकून आत ढकलायचा. कोणालाही जमेल. पण फेब्रुवारीत उत्तरेचा वारा सुटला की कोणी काय केलं होतं ते दिसतं. घाईत रोवलेल्या झावळ्या आडव्या होतात, भिंतीला भगदाड पडतं, मासे तिथून निघून जातात. खमैसची भिंत फेब्रुवारीतही उभी असायची. मी, हसूना, त्याच्या टोळीत गुडघे जाईपर्यंत काम केलं. त्याने रोवलेली झावळी मी कधी कधी हलवून बघत असे. ती हलत नसे.

गेल्या हिवाळ्यात खमैस गेला. त्याच्याबद्दल लोक बरंच चांगलं बोलतात. मला त्याचं जे काम सगळ्यात अवघड वाटलं त्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून लिहितो.

आमचं बेट स्फाक्स शहरासमोर. सपाट, भोवती उथळ पाणी. इथे जाळं टाकत फिरायचं नसतं. झावळ्यांची लांब भिंत उभी करायची, ओहोटीबरोबर परतणारे मासे तिला अडून वळतात, झावळ्यांच्याच खोलीत शिरतात आणि तिथून टोपल्यांत. प्रत्येक घराचा समुद्रात पाण्याचा तुकडा आहे, आजोबा-पणजोबांपासून. दोन भिंतींमध्ये किती अंतर ठेवायचं ते महत्त्वाचं. एकाने भिंत पुढे काढली की दुसऱ्याचं पाणी अडतं. आम्ही म्हणतो, पाणी बांधलं. मग त्याच्या टोपल्यांत शेवाळ येतं, मासा येत नाही.

हे अंतर मोजतो, दरसाल कोणाची भिंत कुठे लागेल आणि मोकळं पाणी कोणाला ते ठरवतो, तो अमीन. त्याच्याकडे एक काठी असते, निलगिरीची, दोन माणसांएवढी लांब, तापल्या लोखंडाने खुणा केलेली. सगळ्या बेटाचं पाणी त्या एका काठीने मोजलं जातं. काठी ज्याच्या घरात तो अमीन. भांडण झालं की त्याचा शब्द शेवटचा.

पण दरवर्षी सप्टेंबरअखेर, पहिली झावळी रोवायच्या आधी, अमीनने ती काठी वाळूवर आणून ठेवायची. ठेवायची आणि समुद्राकडे पाठ करून लोकांसमोर बसायचं. तोंड बंद. काठी खाली आहे तोवर बेटाला अमीन नाही. त्या वेळात कोणीही त्याला काहीही बोलावं. त्याने उत्तर द्यायचं नाही. सगळ्यांचं बोलून झालं की नवा अमीन ठरायचा. हात वर करणं, चिठ्ठ्या टाकणं आमच्यात नव्हतं. नाव घेतलं जायचं आणि ज्याला ते पटलं नाही तो उभा राहायचा. उभा असलेला माणूस बसेपर्यंत त्याच्याशी बोलायचं. शेवटचा माणूस बसला की नव्या अमीनने काठी उचलायची. पुष्कळदा जुनाच पुन्हा उचलायचा. पण आधी ठेवायची.

तो दिवस मला अजून कानात ऐकू येतो. बायका शेडच्या आडोशाला मोठ्या पातेल्यांत जवाचा कुसकुस आणि ऑक्टोपस शिजवत असायच्या. टोमॅटो आणि खारवलेल्या केपर-कळ्यांचा वास वाऱ्याबरोबर यायचा. आम्ही पुरुष वाळूवर फतकल मारून. आणि पहिला उभा राहायचा तो तिजानी. खमैसचा शेजारी, पाण्यातला आणि जमिनीवरचाही. किडकिडीत, नाकात बोलणारा.

"खमैस, तुझ्या भिंतीला तुझ्यासारखंच पोट सुटलंय. दरसाल माझ्या बाजूला सरकतंय."

लोक हसायचे. खमैस वाळूकडे बघायचा.

"आणि मार्चमध्ये माझ्या घरी निकाल द्यायला आलास. आधी पोटभर जेवलास, मग माझ्याविरुद्ध निकाल दिलास. जेवायच्या आधी सांगितलं असतंस तर मीठ तरी जास्त घातलं असतं."

"तिजानी, तुझ्या घरी मीठ आहे हे आजच कळलं," मागून कोणीतरी.

"तू गप. तुझ्याकडेही येतोय मी."

मग दुसरा उठायचा, तिसरा. कोणाची टोपली कोणी उचलली, कोणाची नाव कोणाच्या भिंतीवर घासली. आवाज चढायचे. एखादा रागाने चालू पडायचा, त्याला दोघे जण धरून आणायचे. खमैसची बायको मब्रूका, मानाने लल्ला मब्रूका, डाव घेऊन ओरडायची, "तुमचं बेट वाटून झालं असेल तर जेवायला या. नाहीतर मांजरांना वाढते." खमैसचे कान लाल झालेले असायचे. पण तोंड उघडायचा नाही. ते सोपं नव्हतं. मी एकदा त्याला विचारलं, एवढं ऐकून घेताना काय करतोस? म्हणाला, "पायाची बोटं वाळूत रुतवतो. जेवढं बोलतात तेवढी खोल."

जुन्या राष्ट्राध्यक्षाच्या काळात देशातल्या निवडणुकीचा निकाल मतं पडायच्या आधी ठाऊक असायचा. त्या काळातही आमच्या वाळूवरचं हे चालू होतं. पोलीस चौकीतला हवालदार यायचा, कुसकुस खायचा, जायचा. कोळ्यांची भांडणं, म्हणायचा. आम्हाला कोणी हातही लावला नाही.

मग २०११ आलं. राष्ट्राध्यक्ष पळाला. त्या वर्षी आम्ही पहिल्यांदा खरं मत दिलं. रांगेत खमैस माझ्यापुढे होता. बोटाला निळी शाई लावून बाहेर आला आणि ते बोट त्याने दिवसभर पाण्यात घातलं नाही. कोळी माणूस. एका हाताने काम केलं. त्याची मुलगी हाजर तेव्हा कॉलेजात होती. ती म्हणाली, "बाबा, ती शाई धुतली तरी जात नाही." तो म्हणाला, "असू दे. उगाच कशाला."

दोनेक वर्षांनी आम्ही त्याला अमीन केलं. शेवटी तिजानी एकटाच उभा राहिला होता. त्याच्याशी बोलता बोलता ऊन कललं. मग तोच म्हणाला, "बसतो. पण पाय दुखतात म्हणून. पटलं म्हणून नाही." खमैसने काठी उचलली.

अमीन म्हणून खमैस चांगला होता. हे मला स्वच्छ सांगायचं आहे, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. कोणाकडून मासा घेतला नाही. स्वतःच्या चुलतभावाविरुद्ध निकाल दिला. बाहेरचे ट्रॉलर तळ खरवडत आमच्या भिंती फाडायला लागले तेव्हा त्याने अर्ज-विनंत्या केल्या, काही झालं नाही. मग भर दुपारी आमच्या नावा एका ओळीत नांगरल्या आणि आम्ही त्यांत शेगडी पेटवून चहा करत बसलो. ट्रॉलरने भोंगा वाजवला. खमैसने पेला वर करून त्याला चहा विचारला. बऱ्याच वेळाने ट्रॉलर वळला. त्या दिवसापासून बेटावर एक वाक्य रुळलं. "खमैस आहे ना." छत गळतंय, पोरगं ऐकत नाही, लग्न जुळत नाही, खमैस आहे ना.

देशात मात्र वेगळं चाललं होतं. कॅफेतल्या टीव्हीवर खासदार एकमेकांच्या अंगावर जायचे. सरकारं यायची, जायची. तेल महागलं. पोरं रात्रीच्या नावांनी इटलीकडे निघाली, काही पोचली नाहीत. २०१९ ला नवा राष्ट्राध्यक्ष आला, भरभरून मतांनी. मीही दिलं. खमैसने तर घरोघर जाऊन सांगितलं. हाजर तोवर बेटाच्या नगरपालिकेवर निवडून आली होती, शाळेत शिकवून उरलेला वेळ तिथे द्यायची. कचरा, गटार, बर्फाचा कारखाना. तिने बैठकीचं दार उघडं ठेवायला लावलं आणि बाहेर खुर्च्या मांडल्या. त्या खुर्च्यांवर बसून म्हातारे सभासदांवर शेरे मारायचे.

एकदा खमैसच्या ओट्यावर तिघं बसलो होतो. खमैस राष्ट्राध्यक्षाबद्दल म्हणाला, "हा माणूस पैसे खात नाही. साधा राहतो. बोलतो ते सरळ."

हाजर म्हणाली, "सरळ बोलतो, बाबा. त्याला कोणी बोललेलं मी अजून ऐकलं नाही."

"चोरांचं काय ऐकायचं?"

"चोर कोण ते कोण ठरवणार?"

"तू मास्तरीण आहेस. तुला प्रश्नातून प्रश्न काढता येतात," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो.

२०२० च्या सप्टेंबरात साथ होती. गर्दीला बंदी. काठी वाळूवर ठेवायची म्हणजे सगळं बेट गोळा होणार. खमैसने निरोप पाठवला, यंदा राहू दे. कोणाचीच हरकत नव्हती. पाण्याचे तुकडे त्याने घरी बसून लावले, नीट लावले. ऑक्टोबरात भिंती उभ्या झाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात साथ पुन्हा आली आणि माणसं ऑक्सिजनवाचून गेली. माझा मेव्हणा गेला. टीव्हीवर खासदार भांडतच होते. मग जुलैत राष्ट्राध्यक्षाने संसद बंद केली. दाराशी लष्कराची गाडी उभी राहिली. बातमी आली तसे लोक रस्त्यावर आले. संचारबंदी होती, कोणी मानली नाही. बंदरावर भोंगे वाजले, कोणीतरी ढोल काढला. लल्ला मब्रूकाने ओट्यावरून लांब किलकारी दिली, लग्नात देतात तशी. खमैस मला मिठी मारून म्हणाला, "सुटलो एकदाचे या कटकटीतून." हाजरने आपल्या खोलीची खिडकी लावून घेतली.

त्या सप्टेंबरात साथ ओसरली होती. बंदी नव्हती. आम्ही सातआठ जण खमैसकडे गेलो, काठी कधी ठेवायची ते ठरवायला. लल्ला मब्रूकाने चहा दिला, पेल्यात बदाम टाकून. बोलायला सुरुवात केली फ्रेजने, नावाआधी मानाचं 'सी' लावून. फ्रेज म्हणजे गोड बोलणारा, खारट काम करणारा. त्याची भिंत डिसेंबरातच झुकते.

"सी खमैस, मी काय म्हणतो, गेल्या साली किती छान झालं. आरडाओरडा नाही, रुसवेफुगवे नाहीत. तुम्ही लावून दिलंत, आम्ही रोवलं."

"खरंय," दुसरा म्हणाला. "दिवसभर उन्हात बसून शेवटी तुमचंच नाव येणार. मग ठेवा कशाला आणि उचला कशाला?"

"तिजानीचा आवाज ऐकायला," मी म्हणालो. सगळे हसले.

खमैस काठीकडे बघत होता. ती भिंतीला टेकलेली होती. "रीत आहे," तो म्हणाला.

"रीत तुमच्यासारखा माणूस नव्हता तेव्हाची," फ्रेज म्हणाला.

खमैसने चहा संपवला. मग म्हणाला, "बरं. तुम्हाला तसं वाटत असेल तर." मला आठवतं, त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. कोणाला आवडतं शिव्या खात बसायला? मलाही हलकं वाटलं. उन्हातला एक दिवस वाचला.

आम्ही बाहेर पडत होतो तेव्हा दारात तिजानी. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

"काय ठरलं?"

"तुझ्या फायद्याचंच ठरलंय," खमैस म्हणाला. "दक्षिणेकडचं पाणी यंदा तुला देतोय. तू किती वर्षं मागत होतास."

तिजानीने भिंतीला टेकलेल्या काठीकडे बघितलं. मग नाकातून म्हणाला, "मला ते पाणी भांडून हवं होतं."

"मिळतंय ना? मग भांडायचं कशाला?"

"म्हणजे उद्या काढून घेतलंस तर कुठे भांडू?"

"तिजानी, मी तुझं कधी काढून घेईन का?"

"तू नाही घेणार," तिजानी म्हणाला. "तू चांगला माणूस आहेस. म्हणून तर मला कोणी विचारत नाही." आणि तो गेला. आम्ही म्हणालो, याला पाणी दिलं तरी तहान लागते. दक्षिणेकडच्या पाण्यात त्या वर्षी त्याला भरपूर बोय मिळाली. त्याने कौतुक केलं नाही. वसंतात भिंत उपटली, नाव विकली आणि स्फाक्सला मुलाकडे राहायला गेला. जाताना मला म्हणाला, "हसूना, तू चांगला रोवतोस. पण रोवून मान वर करत नाहीस." मी मान खाली घालूनच झावळ्या बांधत होतो.

२०२२ ला तर कोणी विषयही काढला नाही. त्या उन्हाळ्यात देशाची नवी घटना आली, मत द्यायला शाळेत गेलो तर रांगच नव्हती. टेबलामागची बाई लोकरीचं विणत होती. सप्टेंबरात खमैसने कोणाचं पाणी कुठे ते निरोपाने कळवलं. आम्ही रोवलं.

चूक तिथे झाली. तिजानीचा तुकडा रिकामा झाला होता. खमैसने तो दोन घरांत वाटला आणि शेजारची एक भिंत काठीभर पुढे घेतली. कागदावर बरोबर होतं. पण आमच्या समुद्राचा तळ सरकतो. त्या बाजूची पाण्याची वाट दोन वर्षांत वळली होती. पुढे घेतलेल्या भिंतीने तिचं तोंडच अडवलं. मागे लल्ला सालहाचं पाणी होतं. ती विधवा, तिचा जावई भिंत रोवायचा. तिचं पाणी बांधलं गेलं. नोव्हेंबरपासून तिच्या टोपल्यांत शेवाळ.

हे सगळ्यांना दिसत होतं. मला दिसलं. रोज नाव घेऊन तिथून जायचो. पण खमैसच्या घरी जाऊन, त्याचा चहा पिऊन, त्याच्या तोंडावर कसं सांगायचं? वाळूवर सांगणं वेगळं. तिथे सांगायचाच दिवस असतो, तिजानी सांगून मोकळा होतो आणि मग सगळे जेवतात. घरी सांगितलं तर ती तक्रार होते. सालहा स्वतः दोनदा त्याच्या दारापर्यंत आली आणि लल्ला मब्रूकाला अंजिरं देऊन परत गेली.

२०२३ च्या मार्चमध्ये एका संध्याकाळी मी खमैसच्या ओट्यावर झावळ्यांच्या दोऱ्या वळत बसलो होतो. रेडिओ चालू होता. राष्ट्राध्यक्षाने देशातल्या सगळ्या निवडून आलेल्या नगरपालिका बरखास्त केल्या होत्या. खमैसने आवाज वाढवला, मग बंद केला. दुसऱ्या दिवशी हाजर नगरपालिकेतून आली. हातात तिचा चहाचा पेला आणि खिडकीतलं तुळशीसारखं एक रोप होतं. तिने रोप ओट्यावर ठेवलं.

"एवढंच माझं होतं तिथे," ती म्हणाली. "खुर्च्या आत घेऊन कुलूप घातलं."

लल्ला मब्रूकाने तिला जवळ घेतलं. खमैसने ते रोप भिंतीकडे सरकवलं. मग म्हणाला, "काहीतरी कारण असेल त्याचं. तुमच्यातही काही जण खाणारे होते."

"होते. म्हाताऱ्यांनी त्यांना खुर्चीवरून हाणून पाडलं असतं. पुढच्या मतदानात." हाजर ओरडली नाही. "बाबा, संसद बंद झाली तेव्हा आईने किलकारी दिली. मी तुम्हाला काही म्हटलं का?"

"नाही."

"मग आता तुम्ही कारण देऊ नका. लल्ला सालहालाही असंच कोणीतरी कारण देत असेल."

"सालहाचं काय?"

हाजरने माझ्याकडे बघितलं. मी दोरी वळत राहिलो. मग ठेवली.

"तिचं पाणी बांधलं गेलंय, खमैस," मी म्हणालो. "हिवाळाभर. तू पुढे घेतलेल्या भिंतीने."

तो उठला तो सरळ बंदरावर. ओहोटी होती. आम्ही दोघे नावेने गेलो. त्याने सालहाची टोपली वर काढली, हात घातला. शेवाळ, एक खेकडा. मग पुढच्या भिंतीपाशी जाऊन पाण्यात उतरला. साठीच्या पुढचा माणूस, मार्चचं पाणी. पायाने तळ चाचपत वाट कुठून कुठे वळलीय ते बघत राहिला. वर आला तेव्हा ओठ निळे होते.

"तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?"

"हो."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

"कधी सांगणार?" मी म्हणालो. "काठी तुझ्या घरात होती."

परतताना नाव ढकलायचा लग्गा त्याने स्वतः मारला. पाणी उथळ होतं, तरी जोर लावून मारत होता. सालहाच्या पुढची भिंत त्याने दुसऱ्या दिवशी स्वतः उपटली. पण ओली झावळी उपटून मोसम परत येत नाही.

सप्टेंबरात त्याने घरोघर निरोप धाडला. काठी वाळूवर ठेवणार आहे. लोक आले. तीन वर्षं गेली होती, पूर्वीपेक्षा कमी होते. काही इटलीत, काही स्फाक्सला, काही जमिनीखाली. शेडच्या आडोशाला पातेली चढली होती. खमैसने काठी आणली, वाळूवर ठेवली आणि समुद्राकडे पाठ करून बसला. बोटं वाळूत.

आणि कोणी बोललं नाही.

भरती लागत होती. लाटेचा आवाज, पातेल्यावरच्या झाकणाचा आवाज. फ्रेज घसा साफ करून म्हणाला, "सी खमैस, आम्हाला काही तक्रार नाही. उचला." दोघे-तिघे म्हणाले, उचला. खमैस हलला नाही. पोरांनी आमची ही रीत नीट बघितलीही नव्हती. ती एकमेकांकडे बघत होती. "कोणी उचलायची ते तुम्हीच सांगा," एकाने सुचवलं. "तुम्ही सांगाल तो." खमैसने मान खाली घातली. मी त्याच्या शेजारी नव्हतो, समोर होतो, म्हणून त्याचा चेहरा दिसला. ट्रॉलरसमोर तो असा नव्हता. तो घाबरला होता. शिव्या येतील म्हणून नाही, येणारच नाहीत म्हणून.

पाणी काठीच्या टोकाला लागलं.

मग शेडकडून लल्ला सालहा आली. हातात डाव, बाहीला टोमॅटो लागलेला. बायका त्या दिवशी पातेल्यांपाशीच असायच्या. पुरुषांच्या घोळक्यात कोणी येत नसे. ती आली आणि खमैससमोर उभी राहिली.

"तू माझं पाणी बांधलंस," ती म्हणाली. "हिवाळाभर शेवाळ उपसलं मी."

तिने डाव त्याच्याकडे रोखला.

"दोनदा तुझ्या दारात आले. अंजिरं देऊन परत गेले. अंजिरंही माझीच गेली."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. सालहा वळली. "तुम्ही काय हसता? तुम्हाला दिसत नव्हतं? हसूना रोज नाव घेऊन जायचा तिथून. मान वळवून जायचा."

तिच्या जावयाने तिला आवरायला हात पुढे केला, तिने तो डावाने बाजूला केला. "आणि तू. रोवतोस काय, समुद्राला कुरवाळतोस."

आता हसू फुटलं. मग एक जण उठला, की सालहाचं खरं आहे, पण वाटणी करताना आपल्यालाही विचारलं नव्हतं. दुसरा म्हणाला, तुला विचारून काय मिळणार होतं, तुझी टोपली तर माझ्याच भिंतीत अडकलेली असते. तिसरा उठला. पोरांपैकी एक उठला, कोणाला कळेना तो कशाबद्दल बोलतोय, पण बोलू दिलं. आवाज चढले. एक जण रागाने चालू पडला, त्याला धरून आणलं. काठी तरंगायला लागली तशी दोघांनी भांडता भांडताच ती वर ओढून कोरड्यावर ठेवली. खमैसचे कान लाल झाले होते. तो वाळूकडे बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते. रडत होता की हसत होता ते मला समोरूनही कळलं नाही.

लल्ला मब्रूका ओरडली, "मांजरांना वाढू का?"

कुसकुस गार झाला तरी नाव ठरेना. खमैसचं नाव घेतलं गेलं तेव्हा तो स्वतःच उभा राहिला. रीतीत हे कुठेच बसत नाही, अमीनने स्वतःविरुद्ध उभं राहणं. पण उभ्या माणसाशी बोलायचं असतं. तो बसेना. शेवटी फ्रेजचं नाव आलं, कारण तोच एक असा होता की ज्याच्यावर कोणी फारसं रागावलेलं नव्हतं. मी उभा राहिलो. त्याची भिंत झुकते, म्हणालो. ज्याला स्वतःची भिंत उभी करता येत नाही तो काठी काय धरणार? माझ्याशी सगळ्यात जास्त वेळ बोलावं लागलं. खमैसच म्हणाला, "हसूना, बस. पुढच्या सप्टेंबरात हाण त्याला." मी बसलो. फ्रेजने काठी उचलली. वाईट धरली होती.

फ्रेजने ते वर्ष कसंबसं काढलं. दोन अंतरं चुकली, पण लगेच बोंब झाली आणि सुधारली. पुढच्या सप्टेंबरात पहिला उभा राहिला तो खमैस. तिजानीच्या जागेवर, थोडं नाकात बोलत.

"फ्रेज, तुझी भिंत बघून मासे हसून हसून पलीकडे जातात. आम्हाला बरंय."

लोक गडगडाटाने हसले. फ्रेजने बोटं वाळूत घातली. खमैस खाली बसला तेव्हा धापा टाकत होता, तेव्हाच छातीचं काहीतरी सुरू झालं असावं. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "हे मी तीन वर्षं बंद ठेवलं होतं, हसूना. तीन वर्षं."

राष्ट्राध्यक्ष पुन्हा निवडून आला, भरभरून मतांनी. रांग नव्हती. नगरपालिकेच्या दाराला कुलूप आहे. तुंबलेल्या गटाराबद्दल कोणाला बोलायचं ते कळत नाही, म्हणून कोणी बोलत नाही. हाजरने ते रोप ओट्यावर वाढवलंय, कमरेएवढं झालंय. तिजानीला मी खमैसच्या मयतीला आलेला पाहिला. कबरीपाशी उभा राहून त्याने मूठभर माती टाकली. मग म्हणाला, "पोट गेलं होतं याचं."

गेल्या सप्टेंबरात काठी वाळूवर ठेवली तेव्हा लल्ला सालहा डाव न घेता आली आणि पुढे येऊन बसली. तिच्यामागे दोन बायका आल्या. बोलायला पहिला मी उभा राहिलो. गुडघे दुखत होते तरी बराच वेळ उभा राहिलो.